टक्केताई आणि सासऱ्यांची कबुतरं

कचेरीत त्यांना सगळे टक्केताई म्हणत. तोंडावरच म्हणत, त्यामुळे रागवायची सोय नव्हती. सूर्यावर काय शिजतंय आणि त्याचा आपल्या पृथ्वीला काय त्रास होणार, याचा अंदाज वर्तवणारी ती कचेरी. अंदाज वर्तवणारे तिथे आणखीही होते, पण ते अधूनमधून बेसावधपणे 'हो' किंवा 'नाही' म्हणून जात. टक्केताईंच्या तोंडून असा शब्द कुणी ऐकला नव्हता. कॅन्टीनवाल्याने "चहा आणू का?" विचारलं, तर त्या आधी घड्याळाकडे बघत, मग क्षणभर स्वतःच्या पोटाचा कानोसा घेत आणि म्हणत, "सत्तर टक्के." कॅन्टीनवाला कप थोडा कमी भरून आणायचा.

काम तसंच होतं, त्याला त्या तरी काय करणार? सकाळी आल्या आल्या पडद्यावर सूर्याचे ताजे फोटो उघडायचे आणि त्याच्यावरचे काळे डाग निरखत बसायचं. कालचा डाग आज वाढला का, त्याला पिल्लं झाली का, त्यांचं आपसात पटतंय का. सूर्यावरचे डाग म्हणजे तापट माणसाच्या कपाळावरच्या शिरा. शीर फुगली म्हणून माणूस भडकेलच असं नाही, पण आपण जरा लांब उभं राहिलेलं बरं. तेवढंच टक्केताई पत्रकात लिहीत: मोठी ज्वाला भडकण्याची शक्यता इतके टक्के, पृथ्वीवर चुंबकी वादळ उठण्याची शक्यता इतके टक्के. ते पत्रक वीज कंपनीला जाई, उपग्रहवाल्यांना जाई, विमानवाल्यांना जाई. ते वाचून कुणी दुरुस्त्या पुढे ढकली, कुणी विमानाचा रस्ता बदली आणि बरेचसे न वाचताच पुढच्याला पाठवत.

त्यांचा नवरा दातांच्या कवळ्या बनवायचा. शांत माणूस. दिवसभर दुसऱ्यांचे दात हातात घेऊन बसल्यामुळे स्वतःचे फारसे उघडत नसे. त्याने लग्नाचं विचारलं, तेव्हा त्याला 'पंच्याऐंशी' असं उत्तर मिळालं होतं. ते त्याने पास होण्याइतके मार्क समजून आनंदाने घेतले. उरलेले पंधरा टक्के आपल्या वडिलांमुळे कापले गेले होते, हे त्याला पुढे समजलं.

हे वडील, म्हणजे टक्केताईंचे सासरे, बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले. त्यांना घरात सगळे बाबा म्हणत. क्रेनवाल्याच्या आयुष्यात टक्के नसतात. खालच्या माणसाने अंगठा वर केला की उचलायचं, खाली केला की सोडायचं. चाळीस टक्के उचललेली पेटी कुणाच्या तरी डोक्यावर लोंबकळत असते. त्यामुळे सुनेची नोकरी बाबांच्या पचनी कधी पडलीच नाही.

"सूर्य रोज उगवतो," ते जेवताना म्हणत. "रोज मावळतो. त्यात अंदाज कसला करायचा? आणि याचा पगार देतात?"

"दर महिन्याला देतात, बाबा."

"शंभर टक्के?"

"कापून देतात," टक्केताई खरं तेच सांगत.

बाबांचं सगळं चित्त गच्चीवर होतं. तिथे त्यांनी फळ्या ठोकून कबुतरांचा खुराडा केला होता आणि त्यात शर्यतीची कबुतरं पाळली होती. ही कबुतरं ट्रकमधून लांब कुठेतरी नेऊन सोडायची आणि ज्याचं कबुतर आधी घरी परतेल तो जिंकला, असा तो खेळ. पक्ष्याच्या पायात रबरी कडं असतं. पक्षी खुराड्यात शिरला की ते कडं काढून शर्यतीच्या घड्याळात टाकायचं, तेव्हा वेळ मोजली जाते. नुसतं छपरावर येऊन बसलं तर उपयोग नाही, आत शिरायला हवं. आणि तिथेच घोडं पेंड खायचं. बाबांची सगळ्यात चपळ मादी वाऱ्यासारखी यायची आणि मग आत जावं की न जावं या विचारात कठड्यावर इकडून तिकडे फेऱ्या मारत बसायची. बाबांनी तिचं नाव 'सूनबाई' ठेवलं होतं. खरी सूनबाई खाली स्वयंपाकघरात असताना बाबा गच्चीवरून तोंड भरून ओरडत, "अगं सूनबाई, शीर की आत एकदाची, किती विचार करशील?" टक्केताई मुकाट्याने कांदा चिरत.

या घराचं वारं फिरलं ते सलूनवाल्यामुळे. तो कबूतर क्लबचा सेक्रेटरी. एका गिऱ्हाइकाची दाढी करताना त्याला कळलं की कबुतरं वाट शोधताना पृथ्वीच्या चुंबकाची मदत घेतात म्हणे, आणि सूर्याच्या वादळात तो चुंबक डळमळला की ती भरकटू शकतात. अर्धी दाढी तशीच ठेवून त्याने बाबांना फोन लावला.

"तुमची सून नक्की काय करते हो?" त्याने विचारलं.

बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा या प्रश्नावर छाती फुगवली. "सूर्य बघते," ते म्हणाले. "सरकारतर्फे."

त्या दिवसापासून टक्केताईंचा घरातला भाव वधारला. बाबा स्वतः उठून त्यांच्या ताटात वाढू लागले. आणि वर्षाच्या मोठ्या शर्यतीआधी जी सरावाची फेरी असते, तिच्यासाठीच्या क्लबच्या बैठकीत सूनबाई अंदाज सांगतील, असा शब्द त्यांनी परस्पर देऊनही टाकला.

बैठक सलूनच्या मागच्या खोलीत होती. भिंतीला टेकवलेल्या जुन्या खुर्च्या, एका कोपऱ्यात शांपूचे डबे, दुसऱ्या कोपऱ्यात शर्यतीसाठी परत आणलेला चषक. टक्केताई कागद घेऊन उभ्या राहिल्या. डाग मावळतीकडे सरकतोय, एक लहान झोत बाजूने जाईल असं वाटतं, हे सगळं त्यांनी नीट समजावून दिलं आणि शेवटी म्हणाल्या, "तर वादळाची शक्यता चाळीस टक्के."

मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

"म्हणजे सोडायची की नाही?" सलूनवाल्याने विचारलं.

"ते मी नाही सांगत. मी फक्त शक्यता सांगते."

मागच्या खुर्चीवर गादीवाला बसला होता. बाजारात त्याचं गाद्यांचं दुकान होतं आणि तीन-चार वर्षं तो चषक त्याच्याच घरी मुक्कामाला होता. तो अगदी विनयाने म्हणाला, "ताई, चाळीस टक्के कबूतर कसं सोडायचं तेवढं दाखवा. पाय सोडायचे आणि पंख धरून ठेवायचे का?"

हसता हसता एकजण शांपूच्या डब्यांवर पडला. बाबा मात्र जमिनीकडे बघत बसले होते. कबुतरं सोडली गेली, सुखरूप परतली, त्या फेरीतही गादीवालाच पुढे राहिला आणि घरी बाबांनी सुनेशी थेट बोलणं सोडलं.

आता ते मुलामार्फत बोलू लागले. तिघं एकाच टेबलाशी बसलेली. "तिला सांग मीठ दे," बाबा म्हणत. टक्केताई मीठ नवऱ्याला देत, नवरा ते बाबांना देई. एकदा त्याच्या मनात आलं की मधून आपण उठावं आणि दोघांना काय करायचं ते करू द्यावं. पण मग भाजी कोण पोचवणार, म्हणून तो बसून राहिला.

दोन-तीन आठवडे हे चाललं. टक्केताई वरून शांत दिसत होत्या, पण ते हसणं त्यांच्या कानातून जाईना. इतकी वर्षं त्या सूर्यासमोर बसून होत्या आणि एका गादीवाल्याने त्यांची पार उशी करून टाकली होती.

आणि मग मोठ्या शर्यतीच्या आठवड्यात सूर्यावर एक डाग उगवला. उगवला कसला, पसरलाच. साहेब सुद्धा आपल्या केबिनमधून चष्मा पुसत बाहेर आले. गुरुवारी टक्केताईंच्या डोळ्यांसमोर पडदा एकदम पांढरा झाला. मोठी ज्वाला भडकली होती आणि तिच्यामागून सूर्याने आपल्या अंगावरचा एक भलामोठा ढग सरळ पृथ्वीच्या दिशेने फेकला होता. गणित केलं. ढग शनिवारी पोचणार होता. शर्यतही शनिवारीच होती.

आता या ढगाची एक खोड असते. त्याच्या पोटात चुंबकी कल असतो. तो कल दक्षिणेकडे असला तर पृथ्वीचं दार सताड उघडतं आणि वादळ आत घुसतं. उत्तरेकडे असला तर ढग नुसता अंग घासून निघून जातो, कुणाला पत्ताही लागत नाही. आणि हा कल कुठला, ते ढग दाराशी येईपर्यंत कळत नाही. वाटेत उभा असलेला एक उपग्रह ते सांगतो, पण जेमतेम तासभर आधी. म्हणून टक्केताईंनी पत्रकात लिहिलं, ऐंशी टक्के. साहेबांनी मान डोलावली. आयुष्यात इतका मोठा आकडा टक्केताईंनी क्वचितच लिहिला होता.

त्या संध्याकाळी त्या क्लबमध्ये गेल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. गादीवाल्याने त्यांना बघून खुर्ची पुढे केली आणि विचारलं, "आज किती टक्के, ताई?"

टक्केताईंच्या जिभेवर ऐंशी होतं. पण त्यांनी बाबांकडे बघितलं, गादीवाल्याच्या त्या विनयशील चेहऱ्याकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "सोडू नका."

"म्हणजे?"

"शनिवारी वादळ येणार. कबुतरं सोडू नका."

बाबा ताडकन उभे राहिले. सुनेच्या तोंडून एवढा सरळ शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे मतदान घ्यायला लावलं आणि शर्यत रविवारी ढकलली गेली. घरी जाताना ते सुनेशी थेट बोलले. "थंडी वाजतेय का? माझा स्वेटर घे," असं म्हणाले. टक्केताईंना स्वेटरात ऊब वाटली, पण उरलेल्या वीस टक्क्यांचं त्यांनी वाटभर सांगितलं नाही.

शनिवार उजाडला. आकाश असं स्वच्छ की बघत राहावं. ढग आला, अगदी वेळेवर आला, आणि त्याच्या पोटातला कल पक्का उत्तरेकडे. चुंबकाची सुई हललीसुद्धा नाही. वीज कंपनीच्या इंजिनियरने साहेबांना फोन करून थंड आवाजात विचारलं, की वादळ येऊन गेलं असेल तर आम्ही आमची कामं सुरू करू का. तिकडे क्लबवाले आपापल्या गच्च्यांवर खुर्च्या टाकून बसले होते. गादीवाल्याने सगळ्यांना निरोप धाडला: 'वादळाची वाट बघतोय. छत्री धरून हात दुखला.'

संध्याकाळी बाबा जेवायला बसले. मीठ समोरच होतं. त्यांनी ते स्वतःच घेतलं आणि सुनेकडे न बघता म्हणाले, "टक्केच बरे होते."

टक्केताईंनी पानातलं कसंबसं संपवलं.

रविवारी त्यांची ड्युटी होती. कचेरीत त्या आणि पंखा, दोघंच. सूर्याकडे बघायचीही त्यांना इच्छा नव्हती. सवयीने त्यांनी उपग्रहाचा आलेख उघडला आणि त्यांच्या हातातला कप तसाच राहिला. ढग अजून पुरता गेला नव्हता. त्याची शेपूट यायची होती, आणि त्या शेपटीतला कल वळायला लागला होता. रेघ मधल्या आडव्या रेषेला टेकली, तिच्याखाली गेली आणि जातच राहिली. थेट दक्षिणेकडे.

त्यांनी आधी वीज कंपनीला कळवलं, विमानवाल्यांना कळवलं, नियमाप्रमाणे ज्यांना ज्यांना कळवायचं त्यांना कळवलं. मग बाबांना फोन लावला. बाबा गच्चीवर होते. ट्रक भल्या पहाटेच टोपल्या घेऊन गेला होता.

"बाबा, कबुतरं सोडली का?"

"अजून नाही. ट्रक आत्ता पोचलाय. का?"

"सोडू नका."

पलीकडून खुराड्यातल्या कबुतरांचं घुमणं ऐकू आलं. मग बाबा म्हणाले, "किती टक्के?"

"आत्ता टक्के नाहीत, बाबा. गुरुवारी मला दिसत नव्हतं, मी उगाच बोलले. आज दिसतंय. वादळ दाराशी आलंय. कबुतरं चुकतीलच असं नाही सांगत. पण वादळ नक्की."

बाबांनी फोन ठेवला आणि सलूनवाल्याला लावला. सलूनवाल्याने सगळ्यांना विचारलं आणि सगळे हसले. काल पण वादळच होतं, म्हणाले. गादीवाल्याने छत्री पुन्हा काढू का असं विचारलं. मग बाबांनी ट्रकवाल्याला फोन केला.

"माझी टोपली उघडू नको."

"सगळ्यांच्या उघडायच्या आणि तुमची एकट्याची नाही?"

"नाही."

"मग तुमच्या पक्ष्यांचं काय करू?"

"पुढच्या सीटवर ठेव आणि घरी आण. खिडकी थोडी उघडी राहू दे."

बाकीची कबुतरं उडाली. ट्रकवाल्याने नंतर सांगितलं, की ती वर गेली, एक घिरटी मारली, दोन मारल्या, आणि मग चहूकडे पांगली, जशी काही पत्ता विसरलेली माणसं. गच्च्यांवर मंडळी मानेला रग लागेपर्यंत वर बघत बसली. दुपारी आकाशात कावळे तेवढे होते. तेवढ्यात गल्लीत ट्रक आला. बाबांनी टोपली वर नेली, एकेक पक्षी खुराड्यात सोडला, आणि आत शिरल्यावर प्रत्येकाच्या पायातलं रबरी कडं काढून न चुकता घड्याळात टाकलं. नवरा बघत होता. त्याने विचारलं, "हे कशाला, बाबा?"

"नियम आहे," बाबा म्हणाले.

बाकीच्यांची कबुतरं पुढे आठवडाभर येत राहिली. काही आलीच नाहीत. एक सापडलं शाळेच्या वर्गात, एक कुणा बाईच्या वाळत घातलेल्या कपड्यांत. गादीवाल्याचा चषकविजेता नर, ज्याला तो पैलवान म्हणायचा, थेट तुरुंगाच्या अंगणात उतरला. कड्यावरचा नंबर बघून जेलरसाहेबांनी फोन केला. "इथून शिक्षा संपल्याशिवाय कुणाला सोडता येत नाही," ते गंभीरपणे म्हणाले. गादीवाल्याला घाम फुटल्यावर मग स्वतःच हसले.

आणि क्लबच्या बैठकीत बाबांनी चषक मागितला.

"उडवलंच नाही आणि चषक?" गादीवाला खुर्चीवरून उठला.

"नियम वाच," बाबा म्हणाले.

सलूनवाल्याने नियम वाचला. ज्याचा पक्षी सर्वांत आधी आपल्या खुराड्यात शिरेल तो विजेता. उडत शिरायला हवं असं कुठेच लिहिलं नव्हतं. कबूतर ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसून येईल, हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग गादीवाल्याने दुसरी बाजू काढली. वादळ वगैरे काही नव्हतं, कबुतरं सोडतात त्या टेकडीवर ससाणा आहे, त्याने थवा उधळला. बाबांनी फक्त चान्स घेतला. "बोलवा सूनबाईंना," तो म्हणाला. "त्यांनाच सांगू द्या, वादळामुळेच झालं म्हणून. मग चषक तुमचा."

टक्केताई कचेरीतून थेट आल्या. खोली गच्च भरली होती. बाबा पहिल्या खुर्चीवर ताठ बसले होते. एक 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं. ते टक्केताईंनाही कळत होतं.

"वादळ मोठं होतं," त्या म्हणाल्या. "त्यात शंका नाही. पण कबुतरं त्यामुळेच भरकटली का?" त्यांनी बाबांकडे बघितलं आणि आवाज खाली आला. "साठ टक्के."

"ऐका," गादीवाला म्हणाला. "म्हणजे चाळीस टक्के ससाणा."

"ससाणा दहा. बाकीचं धुकं. टेकडीवर सकाळी धुकंही होतं."

पुन्हा हसू फुटलं. टक्केताईंना जमिनीत शिरावंसं वाटलं. तेवढ्यात बाबा उठले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"क्रेनखाली उभा असलेला माणूस खात्री नसताना मला अंगठा दाखवायला लागला असता, तर मी आज इथे बसलो नसतो आणि तोही नसता. गुरुवारी हिला दिसत नव्हतं, तरी हिने अंगठा दाखवला. का दाखवला? कारण मी घरात तोंड फिरवून बसलो होतो, आणि तुम्ही खिदळत होता. रविवारी दिसलं तेव्हा स्वतःहून फोन केला. आणि आत्ता, मला चषक मिळत असताना, ही बया साठच म्हणतेय." ते थांबले. "माझी टोपली मी हिच्या शब्दावर बंद ठेवली. पुढेही ठेवीन. चषकाचं तुम्ही बघा."

असं बोलून ते बसले. मग त्यांना वाटलं, आपण जरा जास्तच उदार झालो. म्हणून पुन्हा उठून म्हणाले, "पण नियम नियमच आहे."

चषक त्या वर्षी कुणालाच मिळाला नाही. सलूनवाल्याने तो दुकानात आरशासमोर ठेवला आणि त्यात कंगवे ठेवू लागला. बाबा केस कापायला गेले की त्या कंगव्यांकडे बघून उसासा टाकत. नियमात मात्र 'उडत' हा शब्द घातला गेला. टक्केताईंचं पत्रक दर शुक्रवारी सलूनच्या दारावर लागू लागलं. किती टक्क्यांना शर्यत थांबवायची यावर क्लबचं अजून एकमत झालेलं नाही. गादीवाल्याचं म्हणणं, निम्म्याच्या वर. बाबांचं म्हणणं, सुनेला फोन करून आवाज ऐकावा. आकडा काहीही असो, आवाजावरून कळतं.

पैलवानाला जेलरसाहेब स्वतः घेऊन आले, मांडीवर खोकं ठेवून. इतके दिवस त्याला दाणे घालता घालता त्यांना त्याचा लळा लागला होता. परत देताना त्यांचा चेहरा उतरला. गादीवाल्याने पैलवान छातीशी धरला होता, तो काही हलणार नव्हता. बाबांनाच दया आली. त्यांनी जेलरसाहेबांना गच्चीवर नेलं, चहा पाजला आणि आपल्या खुराड्यातली एक जोडी भेट दिली.

"आमच्याकडे राहतील ना?" जेलरसाहेबांनी जिन्यात टक्केताईंना हळूच विचारलं.

"इथे वाढलेली आहेत. महिनाभर जाळीत ठेवलीत तर तीस टक्के," टक्केताई म्हणाल्या.

जेलरसाहेबांना ते फारच कमी वाटलं. भिंती उंच आहेत, म्हणाले, पहारा आहे.

आठवडा झाला नाही तोच एका सकाळी ती जोडी गच्चीच्या कठड्यावर येऊन बसली. पाठोपाठ फोन आला. बाबांनी उचलला, पलीकडचं एक वाक्य ऐकलं आणि ते असे हसत सुटले की त्यांच्याच मुलाने बनवलेली कवळी निसटून दाण्यांच्या डब्यात पडली. तोंडावर हात धरून त्यांनी फोन सुनेच्या हातात दिला. तुरुंग फोडून दोघंजण पळाले होते आणि जेलरसाहेबांना विचारायचं होतं, की आज सूर्यावर काही विशेष आहे का.